पाहिलंय, जेवलाय

सेफ्टी ऑफिसर नेमकं करतो काय, हे आमच्या घरात मला अजून कुणाला पटवता आलेलं नाही. सुनंदाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या मते, मला दुसऱ्यांच्या कामात खोडा घालण्याचा पगार मिळतो. मुलगी प्रज्ञा इथेच बहरीनला वाढली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. एकदा मैत्रिणीला सांगत होती, "माय डॅड शाउट्स अबाउट हेल्मेट्स." आणि सुट्टीत चिपळूणकडे गेलो की चुलते दरवर्षी न चुकता विचारतात, "म्हणजे वॉचमनच ना रे?"

आमचं यार्ड हिद्दला, बंदराच्या अलीकडे. तिथे लोखंडाच्या टाक्या, जिने, कठडे असलं सगळं बनतं. माझं काम तीन प्रकारचं. सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांना उभं करून दहा मिनिटं धोके समजावून सांगायचे. याला टूलबॉक्स टॉक म्हणतात आणि ऐकणारे त्या वेळात राहिलेली झोप पूर्ण करतात. दुसरं, उंचीवरच्या किंवा टाकीतल्या कामाला परवाना द्यायचा. तिसरं, माणसं मोजायची. हे तिसरं सगळ्यात सोपं, असं मी वीस वर्षं समजत होतो.

माझी पात्रताही सांगून टाकतो. यार्डात आजवर ऑफिसच्या सपाट फरशीवर पडून पाय मुरगळलेला एकच माणूस आहे. 'फरशी ओली आहे, सावकाश चाला' या पाटीला तो अडखळला. पाटी त्यानेच ठेवली होती. तेव्हापासून बसवाला सुर्वे, लांज्याचा गडी, मला सेफ्टीराव म्हणतो. "काय सेफ्टीराव, आज पाटी कुठं लावलीत? नाय, मी लांबून जातो," असं रोज सकाळी बसच्या दारात ऐकायला लागतं.

तर काही वर्षांपूर्वी आमच्याकडे युगांडाहून सहा जण आले. परांची बांधणारे. ते सगळे त्या देशाच्या उत्तरेकडच्या एकाच भागातले. त्यांचा म्होरक्या ओकेलो, चाळिशीच्या आसपासचा, आवाज असा की माइक लागू नये. गावाकडे तो शेती करायचा आणि रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सांगायचा. इथे सुट्टी शुक्रवारची म्हणून त्याने रविवार शुक्रवारी आणला. मनामाला एका इमारतीतला हॉल काही तासांसाठी मिळे, तिथे त्यांची मंडळी जमायची. सहांतला इद्रिस मुसलमान होता. तो मशिदीत शुक्रवारची नमाज पढून प्रार्थना संपता संपता हॉलवर पोचायचा. "तू कशाला जातोस रे?" असं सुर्व्याने विचारलं तर म्हणाला, "हजेरीला." तेव्हा आम्हाला वाटलं, जेवणाला जात असेल.

आणि सहावा ओपिओ. उंच, काटक, मुखदुर्बळ. या लेखातला महत्त्वाचा माणूस तोच, पण तो बोलायचाच इतका कमी की त्याच्याबद्दल दुसऱ्यांनाच सांगावं लागतं.

ओपिओची माझी पहिली गाठ तेलावरून पडली. परांचीवर चढताना त्याचा हात पाइपावरून सटकला. सेफ्टी बेल्ट होता म्हणून लोंबकळला, नाहीतर खाली आला असता. उतरवून हात बघितले तर तळवे चकचकीत. गावाकडच्या कुणा पाद्र्याने मंतरलेलं तेल पाठवलं होतं. कशासाठी? उंचीवरून पडू नये म्हणून!

मला हसावं की ओरडावं कळेना. आमच्या घरी देवदेवस्की, अंगारे, नवस, सगळं माझ्या वडिलांच्या तरुणपणीच बंद झालं. आम्ही बौद्ध. वडील म्हणायचे, "प्रश्न विचार आणि टॉर्च घेऊन चाल." त्या शिकवणीवर माझी नोकरी चालते. मी सगळ्यांसमोर ओपिओला दहा मिनिटं झापलं. त्याने खाली मान घालून ऐकलं. शेवटी ओकेलोच मध्ये पडला.

"सर, तेल कपाळाला लावलं तर चालेल? हेल्मेटच्या आत?"

नियमांच्या पुस्तकात कपाळाबद्दल काही नव्हतं. मी म्हटलं, "चालेल."

त्या दिवसापासून ओपिओ माझा प्रत्येक नियम असा पाळायला लागला की मलाच नियमांची भीती वाटावी. काम करताना फोन लॉकरमध्ये ठेवायचा, हा माझा नियम. बाकीचे फोन मोज्यात लपवतात, ओपिओ खरंच लॉकरमध्ये ठेवायचा. एकच दार असलेल्या कुठल्याही जागेत शिरण्याआधी गळ्यातलं कार्ड माझ्या ऑफिसबाहेरच्या बोर्डवर टांगायचं आणि बाहेर आलं की काढून घ्यायचं, हाही माझा नियम. बोर्डवर कार्ड म्हणजे आत माणूस, इतका साधा हिशेब. बाकीचे हे फक्त टाक्यांसाठी करायचे. ओपिओ एकदा बाथरूमला जातानाही टांगून गेला होता.

आता हजेरीची भानगड. आमच्याकडे एक जुना रोग होता. गैरहजर दोस्ताच्या नावाला दुसराच "येस सर" म्हणणार. जुनं खोड, शाळेपासूनचं. ते मोडायला मी कडक नियम केला, ज्याचं नाव त्याचंच तोंड. दुसऱ्याने उत्तर दिलं तर ज्याचं नाव त्याला पत्र, आणि तीन पत्रं झाली की घरचं तिकीट.

युगांडावाले आले त्या पहिल्याच आठवड्यात मी नाव पुकारलं, "ओपिओ!"

मागून ओकेलोचा आवाज आला, "पाहिलंय. जेवलाय."

पत्र. ते बघून सहाही जण यार्डात स्वतःच ओ द्यायला लागले, पण महिनाभराने आगीची तालीम झाली. भोंगा वाजला, सगळे मैदानात, मी यादी घेऊन उभा. "ओपिओ!" त्या गडबडीत त्याच्या आधी इद्रिसच म्हणाला, "पाहिलंय. गुडघा दुखतोय, पण ठीक आहे." ओपिओ त्याच्या शेजारीच उभा होता, हे मला नंतर कळलं. पण नियम म्हणजे नियम. दुसरं पत्र. ओपिओने तेही निमूटपणे घडी घालून खिशात ठेवलं.

तेव्हा ओकेलो माझ्या केबिनमध्ये आला. बसला नाही, उभाच राहिला.

"सर, तो खोटं बोलला नाही. आम्हीही नाही. आमच्याकडे हजेरी अशीच होते."

"अशी म्हणजे?"

"आपल्या नावाला आपण उत्तर द्यायचं नाही. ज्याने तुम्हाला डोळ्यांनी पाहिलंय त्याने द्यायचं. आणि नुसतं 'आहे' म्हणून चालत नाही, कसा आहे तेही सांगायचं."

मग त्याने सांगितलं ते मी इथे थोडक्यात लिहितो, कारण त्यानेही थोडक्यातच सांगितलं. तो लहान असताना त्यांच्या भागात बंदूकवाल्यांच्या टोळ्या फिरत. गावात शिरायच्या आणि मुलं उचलून न्यायच्या. सरकार लांब, पोलीस त्याहून लांब. मग आसपासच्या गावांतली मुलं संध्याकाळी चालत चर्चच्या आवारात येऊन झोपायची. तिथे भिंत होती, कंदील होता आणि प्रार्थना सांगणारा एक म्हातारा होता. सकाळी तो नावं पुकारायचा. सुरुवातीला मुलं आपापल्या नावाला ओ द्यायची. पण मुलंच ती. हरवलेल्या भावाच्या नावालाही धाकटा ओ देऊन मोकळा व्हायचा, कारण आईला काय सांगायचं हे त्याला माहीत नसायचं. म्हणून म्हाताऱ्याने रीत बदलली. शेजारी झोपला त्याने सांगायचं, पाहिलंय की नाही.

"आणि कसा आहे ते कशाला सांगायचं?" मी विचारलं.

"स्वतःला विचारलं तर माणूस बरा आहे असंच म्हणतो, सर. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "रीत चांगली आहे. पण माझ्या फॉर्ममध्ये तिला रकाना नाही."

हे वाक्य मी खरंच बोललो. वर हेही बजावलं की ओपिओला आता तिसरं पत्र मिळालं तर माझ्याही हातात काही राहणार नाही. ओकेलोने मान डोलावली. त्यानंतर यार्डात ते सहाही जण न चुकता आपापल्या नावाला "येस सर" म्हणू लागले. ओपिओसुद्धा, पुटपुटल्यासारखं. त्यांची खरी हजेरी शुक्रवारपुरती राहिली.

फेब्रुवारीतला एक गुरुवार. आठवड्याचा शेवट, त्यामुळे पाच वाजले की यार्ड रिकामं व्हायला पाच मिनिटं लागत नाहीत. त्या दिवशी टाकीतलं एकही काम नव्हतं, सगळे परवाने मी चारलाच बंद करून टाकले होते. घरी जायला निघालो तर बोर्डवर एक कार्ड लटकत होतं. ओपिओचं.

मी मनात म्हटलं, हा शहाणा बाथरूममधून आला आणि कार्ड विसरून गेला. आता गेटवरच्या मशीनला 'बाहेर' अशी नोंद झाली नाही की शनिवारी हजेरीचा घोळ, मग चौकशी, मग तिसरं पत्र. बिचारा फुकट मरेल. मला त्याची दया आली, खोटं का सांगू? थोडी स्वतःचीही आली, कारण तो घोळ निस्तरायचा मलाच होता. गेटवर मी माझं कार्ड मशीनला टेकवलं आणि पाठोपाठ त्याचंही. हिरवा दिवा लागला. ओपिओ बाहेर. त्याचं कार्ड खिशात टाकून मी अरादला घरी आलो आणि चहा प्यायलो.

शुक्रवारी दुपारी आमच्याकडे तळलेला हामूर मासा असतो. पहिला तुकडा तोंडात घालतोय तोच फोन वाजला. ओकेलो.

"सर, ओपिओच्या नावाला कुणी उत्तर देत नाही."

"म्हणजे? तो हॉलवर आला नाही का?"

"आला नाही. पण प्रश्न तो नाही. कालपासून त्याला कुणी पाहिलंच नाही. खोलीतल्यांना वाटलं, मनामाला चुलतभावाकडे गेला. चुलतभावाला वाटलं, ओव्हरटाइमला थांबला. फोन लागतो, पण कुणी उचलत नाही."

इथे माझ्यातला जुना नोकर बोलला. "अरे, गेला असेल कुठे. दुसरीकडे जास्त पगार मिळाला की पळतात लोक. मशीनवर तो काल पाच वाजता बाहेर गेलाय. खलास."

"मशीनने पाहिलं का, सर?"

घास हातातच राहिला. सुनंदा म्हणाली, "अहो, काटा लागला का?"

काटाच होता, पण माशाचा नव्हता. ते कार्ड मशीनला मी टेकवलं होतं. बोर्डवर कार्ड म्हणजे आत माणूस. हे वाक्य मी किती सकाळी ओरडून सांगितलं असेल, आणि अख्ख्या यार्डात ज्या एका माणसाने ते अक्षरशः ऐकलं, त्याचंच कार्ड मी काढून खिशात घातलं होतं.

अराद ते हिद्द दहा मिनिटांचा रस्ता. हात न धुता, कालचीच पँट चढवून निघालो. वाटेत सुर्व्याला फोन केला, तो यार्डाजवळच्या कॅम्पातच राहतो. "काल बसमध्ये ओपिओ होता का?"

"गुरवारी बसला कोण मोजतंय, सेफ्टीराव? निम्मे वाटेतच उतरतात." मग माझा आवाज ऐकून त्याची थट्टा थांबली. "काय झालंय? थांबा, मी कटर घेऊन येतो."

एकच दार असलेल्या जागा यार्डात किती? सहा टाक्या, त्या उघड्याच होत्या. पंपाची खोली. आणि पार मागच्या कुंपणाला लागून परांचीचं सामान ठेवायचा कंटेनर. त्याला बाहेरून कडी आणि कुलूप. संध्याकाळी स्टोअरवाला दार लोटतो, कडी घालतो, कुलूप लावतो आणि जातो. आत डोकावत नाही, कारण बोर्ड बघायचं काम त्याचं नाही, माझं.

कंटेनरपर्यंत मी धावलो. हेल्मेट न घालता, हे नोंदीसाठी लिहून ठेवतो. हाक मारली. आतून ठक, ठक, ठक. पाइपावर क्लॅम्प आपटल्याचा आवाज, सावकाश, मोजून मापून. वीस तास तो असाच थांबून थांबून वाजवत होता. शुक्रवारी मागच्या कुंपणाकडे फिरकतं कोण?

सुर्व्याने कुलूप तोडलं. ओपिओ ज्या ताडपत्र्या रचायला आत शिरला होता, त्यांच्याच गठ्ठ्यावर बसला होता. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, डोक्यावर हेल्मेट. पट्टासुद्धा हनुवटीखाली नीट बांधलेला. उजेडाला डोळे मिचकावत त्याने आधी माझ्याकडे बघितलं आणि घशातून कसाबसा आवाज काढला.

"सर, माझं कार्ड बोर्डवर आहे ना?"

त्याला विश्वास होता हो. रात्रभर तो त्या विश्वासावर बसला होता, की बोर्डवर कार्ड आहे आणि बोर्ड बघणारा माणूस आहे. कार्ड माझ्या पँटच्या खिशात होतं. मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. सुर्व्या बस आणायला पळाला.

फेब्रुवारी होता म्हणून निभावलं. हाच कंटेनर जुलैत असता तर हा लेख मी लिहिला नसता. हॉस्पिटलात सलाइन लावलं आणि दोन दिवसांनी सोडलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ओकेलोने हात जोडून देवाचे आभार मानले. माझ्याकडे वळून म्हणाला, "देवाने वाचवलं, सर."

देवाचं मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की मशीन 'बाहेर' म्हणत होतं, यादी 'बाहेर' म्हणत होती, वीस वर्षांचा अनुभव 'पळाला' म्हणत होता. आणि एका भाड्याच्या हॉलमध्ये मूठभर माणसं आपल्या रीतीपायी अडून बसली होती, की ज्याला कुणी पाहिलं नाही त्याच्या नावापुढे आम्ही जाणार नाही. ती रीत देवाच्या नावाने टिकली हे खरं. माझे नियम कंपनीच्या नावाने होते, आणि गुरुवारी पाच वाजता कंपनी घरी गेली होती.

रविवारी अहवाल. त्यात 'मूळ कारण' नावाचा एक रकाना असतो. त्यात 'दुर्लक्ष' लिहून चालत नाही, कुणाचं आणि कसं ते लिहावं लागतं. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "माणूस सुखरूप आहे. 'मशीनमध्ये बिघाड' लिहा, यल्ला, संपवा." सोपं होतं. फक्त मशीन तपासल्यावर बिघाड सापडणार नव्हता. मग कार्ड कुणीतरी टेकवलं हे उघड झालं असतं, आणि दुसऱ्याने कार्ड टेकवलं की ज्याचं कार्ड त्याला पत्र. ओपिओचं तिसरं. वीस तास कोंडून घेतल्याबद्दल घरचं तिकीट.

मी त्या रकान्यापुढे दुपारपर्यंत बसलो होतो. शूर माणूस लगेच लिहितो. मी प्रज्ञाची फी, माझा व्हिसा, चिपळूणचं अर्धवट घर, सगळ्यांची उजळणी करून मग लिहिलं. कार्ड सेफ्टी ऑफिसरने काढले व मशीनला लावले.

मला पत्र मिळालं. पत्राचा नमुना माझ्याच कॉम्प्युटरवर होता, त्यामुळे ते टाइपही मलाच करावं लागलं. मॅनेजरने एक चूक काढली, 'कडक ताकीद' राहिलं होतं. तेही घातलं. ओपिओची आधीची दोन पत्रं मात्र मी त्याच बैठकीत रद्द करून घेतली.

मग मला भलताच उत्साह आला. त्यांची रीत यार्डात आणायची म्हणून फॉर्म बनवला, त्यात रकाना ठेवला, 'कोणी पाहिले' आणि 'कसा आहे'. तीन आठवडे चालला. फिलिपिनो वेल्डरने नेपाळ्याबद्दल सांगितलं, "पाहिलंय. बायकोशी भांडलाय, आज उंचीवर नको." नेपाळी चिडला, पण त्या दिवशी खालीच राहिला. मग तपासणीवाले आले आणि म्हणाले, हा फॉर्म कुठल्याच मानकात बसत नाही. तो बंद झाला. मी फार भांडलो नाही, याचं वाईट वाटतं.

ओपिओला सगळं सांगायचं राहिलं होतं. यार्डात धीर होईना म्हणून एका शुक्रवारी मनामाच्या त्या हॉलवर गेलो. प्रार्थना संपायची वाट बघत दाराबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. ओपिओ बाहेर आला तेव्हा सांगितलं, बोर्डवरचं कार्ड मीच काढलं होतं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्ही पाणी दिलंत तेव्हा ते तुमच्या खिशातून डोकावत होतं."

एवढंच. माफ केलं म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. इतक्यात इद्रिस धापा टाकत जिना चढून आला आणि आत हजेरी सुरू झाली. मी दाराशी उभा राहिलो. एकेक नाव, आणि दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर. पाहिलंय, जेवलाय. पाहिलंय, आईचं पत्र नाही म्हणून काळजीत आहे. पाहिलंय, नवा बूट चावतोय. यादी संपली असं वाटलं तोच ओकेलोने वहीतून मान वर केली आणि त्या माइक न लागणाऱ्या आवाजात पुकारलं, "मिस्टर सेफ्टी!"

सवयीने मी "येस" म्हणायला तोंड उघडलं. बाजूच्याने कोपर मारून गप्प केलं. माझं उत्तर देणारं तिथे कोण असणार?

"पाहिलंय," ओपिओ म्हणाला. मी त्याचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता. मग कसा आहे ते सांगायचं म्हणून म्हणाला, "बरा आहे. मोजता येत नाही."